सौरविजेचे हवामान : एका प्रश्नाचा आढावा

भारताची सौरवीज क्षमता २०२५च्या सुरुवातीला एक लाख मेगावॅटच्या पुढे गेली. २०१० मध्ये राष्ट्रीय सौर अभियान जाहीर झाले तेव्हा २०२२ पर्यंत वीस हजार मेगावॅट हे लक्ष्यही अनेकांना धाडसाचे वाटले होते. २०१५ मध्ये ते पाचपट करण्यात आले. आज राजस्थानातील भाडला (२,२४५ मेगावॅट) आणि कर्नाटकातील पावगडा (२,०५० मेगावॅट) ही जगातल्या मोठ्या सौर उद्यानांत गणली जातात, आणि कच्छच्या रणात खावड्याला तीस हजार मेगावॅटचा अक्षय ऊर्जा प्रकल्प उभा राहतो आहे. या प्रकल्पांचे वीजखरेदी करार साधारण पंचवीस वर्षांचे असतात. त्यामुळे एक जुना प्रश्न आता नव्या गांभीर्याने विचारला जातो : हवामानाचा या विजेवर नेमका किती परिणाम होतो, आणि हवामान बदलत असताना तो किती वाढेल?

या प्रश्नाची उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत. विचारणारे वेगवेगळ्या काळाबद्दल बोलत असतात, हे त्याचे एक मोठे कारण आहे. भार प्रेषण केंद्रातील अभियंत्याला पुढच्या तासाची चिंता असते, वितरण कंपनीला पुढच्या पावसाळ्याची, प्रकल्पाला कर्ज देणाऱ्या बँकेला पुढच्या वीस वर्षांची आणि हवामानशास्त्रज्ञाला शतकाच्या अखेरीची. हे काळ वेगळे ठेवले की वादाचा बराच भाग सुटतो. जो उरतो तो खरा आहे, आणि त्याची मांडणी करणे हा या आढाव्याचा हेतू आहे.

मोजमापाची पार्श्वभूमी

ऊन मोजण्याचे काम भारतात सौरविजेच्या कितीतरी आधी सुरू झाले. १९५७-५८च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षाच्या निमित्ताने भारतीय हवामान विभागाने सौर प्रारण मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे विणायला घेतले. पुणे हे त्या कामाचे केंद्र होते आणि अ‍ॅना मणी या भौतिकशास्त्रज्ञ त्याच्या सूत्रधार होत्या. उपकरणे देशातच घडवायची आणि सर्व केंद्रांवरची मोजणी एकमेकांशी ताडून पाहता यावी इतकी एकसारखी ठेवायची, हा त्यांचा आग्रह होता. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी प्रसिद्ध केलेले भारतातील सौर प्रारणाचे संदर्भग्रंथ पुढे या क्षेत्राचा पाया ठरले.

तरीही २०१० मध्ये मोठे प्रकल्प आखायची वेळ आली तेव्हा ही मोजणी अपुरी पडली. सौर अभियानाच्या पहिल्या टप्प्यात आरशांनी ऊन एकवटून वाफ तयार करणारे, म्हणजे सौर-औष्णिक पद्धतीचे ४७० मेगावॅटचे प्रकल्प मंजूर झाले. या पद्धतीला सूर्याकडून सरळ रेषेत येणारे थेट प्रारणच लागते. ढगांनी किंवा धुळीने विखुरलेला प्रकाश तिच्या कामाचा नसतो. प्रकल्पांची आखणी मुख्यतः उपग्रहांवरून काढलेल्या अंदाजांवर झाली होती. जमिनीवर यंत्रे बसल्यावर थेट प्रारण काही ठिकाणी अपेक्षेपेक्षा कमी भरले. यंत्रसामग्रीतील विलंब आणि सिलिकॉन पॅनेलच्या झपाट्याने उतरलेल्या किमती हीही कारणे होतीच; परिणामी त्या ४७० मेगावॅटपैकी थोडेच प्रकल्प पूर्ण झाले. २०११ मध्ये चेन्नईच्या पवन ऊर्जा तंत्रज्ञान केंद्रामार्फत ५१ ठिकाणी प्रारण मोजणारी नवी केंद्रे बसवण्यात आली आणि नंतर त्यांची संख्या वाढली. आज भारतात मोठ्या प्रमाणावरची सौरवीज म्हणजे जवळजवळ सर्वस्वी पॅनेलची वीज. पुढचा आढावा तिच्यापुरता आहे.

उष्णता : पहिला गैरसमज

जितके ऊन कडक तितकी वीज जास्त, हे अर्धेच खरे आहे. पॅनेलला प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. पॅनेलवर छापलेली क्षमता प्रयोगशाळेतल्या ठरावीक स्थितीतली असते : दर चौरस मीटरला १,००० वॅट प्रकाश आणि सौरघटाचे तापमान २५ अंश सेल्सिअस. त्यापुढे तापमान जसे चढते तशी सिलिकॉन पॅनेलची क्षमता दर अंशामागे साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी उतरते. उन्हात तापलेला घट भोवतालच्या हवेपेक्षा २० ते ३० अंशांनी गरम असतो. म्हणजे हवा ४४ अंशांवर असताना घट सत्तरीच्या आसपास जातो आणि पॅनेल छापील क्षमतेपेक्षा सुमारे १५ टक्के कमी वीज देते. शिवाय फार उष्णतेत इन्व्हर्टर स्वतःच्या बचावासाठी उत्पादन कमी करतात.

भाडला ज्या फलोदी भागात आहे, तिथे १९ मे २०१६ रोजी ५१ अंश तापमानाची नोंद झाली होती. तरीही प्रकल्प तिथेच उभे राहिले, कारण ढग कमी, जमीन सपाट आणि विरळ वस्ती हे लाभ उष्णतेच्या तोट्यापेक्षा मोठे ठरले. उलट टोकाला लडाख आहे. तिथे प्रकाश प्रखर आणि हवा थंड, म्हणजे पॅनेलसाठी जवळजवळ आदर्श स्थिती. अडचण आहे ती वीज खाली आणणाऱ्या वाहिन्यांची. ठिकाण निवडताना हवामान हा अनेक निकषांपैकी एक असतो, हे या दोन उदाहरणांतून दिसते.

उष्णतेचा दुसरा परिणाम संथ आहे. मुंबईच्या आयआयटीतील राष्ट्रीय फोटोव्होल्टाइक संशोधन केंद्र आणि राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्था यांनी २०१३ ते २०१८ या काळात देशभरातील पॅनेलची अनेकदा पाहणी केली. उष्ण प्रदेशांत पॅनेल थंड प्रदेशांपेक्षा लवकर झिजतात, असे त्यातून दिसले. पण त्याच पाहण्यांत छपरावरच्या लहान संचांची झीज मोठ्या प्रकल्पांपेक्षा अधिक आढळली. म्हणून अभ्यासकांत दोन मते आहेत. एका मताप्रमाणे भारतीय उष्णतेसाठी वेगळे, कडक चाचणी निकष हवेत. दुसऱ्या मताप्रमाणे दोष मुख्यतः हलक्या प्रतीच्या मालात, हाताळणीत आणि जोडणीत आहे, उष्णता तो फक्त लवकर उघड करते. नव्या पिढीच्या पॅनेलवर उष्णतेचा परिणाम जुन्यांपेक्षा कमी होतो. मात्र भारतीय उन्हात त्यांनी पंचवीस वर्षे अजून काढलेली नाहीत.

ढग : मिनिटांचा आणि ऋतूंचा हिशेब

एखादा ढग सरकत आला की एका जागेवरचे उत्पादन मिनिटभरात निम्म्याहून खाली येऊ शकते. तुटक ढगांच्या कडांवरून परावर्तित झालेला प्रकाश कधी कधी पॅनेलवर पडणारे प्रारण क्षणभर १,००० वॅटच्याही वर नेतो. अशी चढउतार ग्रिडला त्रासदायक असते. वीज नियामकांनी त्यासाठी अंदाज आणि वेळापत्रकाची पद्धत लागू केली आहे. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडले जातात. प्रत्येक भागात किती वीज देणार हे प्रकल्पाने आधी कळवायचे आणि ठरलेल्या मर्यादेपलीकडे चूक झाली तर दंड भरायचा. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने सौर आणि पवन ऊर्जेसाठी असे विनियम २०१८ मध्ये आणले.

या नियमांवरचा मतभेद खरा आहे. उत्पादक म्हणतात की ढग त्यांच्या हातात नाही; पावसाळ्यात अंदाज चुकणारच, आणि मर्यादा आवळत नेणे म्हणजे हवामानासाठी दंड करणे. ग्रिड चालवणारे म्हणतात की उपग्रहांची चित्रे, आकाशाकडे रोखलेले कॅमेरे आणि हवामानाची प्रारूपे यांमुळे अंदाज सुधारता येतो, आणि दंड नसेल तर त्यावर कोणी खर्च करणार नाही. चुकीची किंमत शेवटी ग्राहकच मोजतो. दोन्ही बाजू एका गोष्टीवर सहमत आहेत : अनेक प्रकल्पांचा एकत्रित अंदाज एकेका प्रकल्पाच्या अंदाजापेक्षा बराच अचूक येतो, कारण सगळीकडे एकाच वेळी ढग येत नाही.

मोसमी पावसाचा प्रश्न मोठ्या मापाचा आहे. जून ते सप्टेंबर या काळात पश्चिम आणि मध्य भारतातले सौर उत्पादन उतरते. महाराष्ट्रात जुलै-ऑगस्टच्या मळभात ही घट ठळक असते. पण त्याच महिन्यांत साताऱ्याच्या वनकुसवडे-चाळकेवाडी पठारावरच्या पवनचक्क्या जोरात असतात आणि धरणे भरू लागतात. ऊन, वारा आणि पाणी असे एकमेकांच्या उणिवा भरून काढतात, हा सौर-पवन संकरित प्रकल्पांमागचा मुख्य आधार आहे.

मात्र सरासरीवर विसंबून राहता येत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये देशात सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी पाऊस झाला. १९०१ पासूनचा तो सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. अशा वर्षी ऊन चांगले मिळते, पण जलविद्युत घटते आणि शेतीपंपांची मागणी वाढते. याच्या उलट सलग आठवडाभर मळभ आणि वाराही पडलेला, अशी स्थिती किती वेळा येते आणि तिच्यासाठी किती साठवण हवी, हा नियोजनकारांपुढचा कळीचा प्रश्न आहे. बॅटऱ्या काही तासांची सोय करतात. घाटघरसारखे (२५० मेगावॅट) उदंचन जलविद्युत प्रकल्पही मुख्यतः दिवस-रात्रीच्या फरकावरचा उपाय आहेत. ऋतूंमधला फरक भरून काढणारा स्वस्त साठा अजून हाताशी नाही.

धूळ आणि धुरकट हवा

भारतातल्या चर्चेत सर्वाधिक अभ्यास जिथे झाला आणि सर्वाधिक तोटा जिथे दिसतो तो भाग हा आहे. धूळ दोन प्रकारे वीज खाते : हवेत तरंगताना ऊन अडवते आणि पॅनेलवर बसून उरलेलेही रोखते. अमेरिकेच्या ड्यूक विद्यापीठाने गांधीनगरच्या आयआयटीसोबत २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, काही आठवडे न पुसलेली पॅनेल साफ केल्यावर त्यांची कार्यक्षमता सुमारे ५० टक्क्यांनी वाढलेली दिसली. पॅनेलवरच्या थराचा बहुतांश भाग साधी धूळ होता. माणसाच्या उद्योगातून आलेले काजळीसारखे कण वजनाने थोडे, पण प्रकाश अडवण्यात आणि चिकटून बसण्यात पुढे.

स्वच्छ हवेचा लाभ किती, याची झलक २०२० मध्ये अनायास मिळाली. टाळेबंदीमुळे दिल्लीची हवा निवळली आणि मार्चच्या उत्तरार्धात पॅनेलपर्यंत पोहोचणारे ऊन मागील वर्षांच्या मानाने सुमारे ८ टक्क्यांनी वाढल्याचे मोजले गेले. चीनमध्ये १९६० ते २०१५ या काळात प्रदूषणामुळे सौरविजेची संभाव्य क्षमता ११ ते १५ टक्क्यांनी घटली, असा अंदाज २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. उन्हाळ्यातल्या धुळीच्या वादळांत आणि वाळवंटी भागांत हा त्रास नैसर्गिकच आहे. गंगेच्या खोऱ्यातल्या हिवाळी धुरक्यात मात्र माणसाचा वाटा मोठा आहे.

पॅनेल पुसणे हा उघड उपाय, पण तोही हवामानाशी बांधलेला आहे. जोराचा पाऊस पॅनेल स्वच्छ करतो. नुसता शिडकावा झाला तर धुळीचा चिखल होऊन बसतो, आणि पहाटेचे दव धूळ घट्ट धरून ठेवते. जिथे ऊन भरपूर तिथे पाणी दुर्मिळ, हा या व्यवसायाचा जुना पेच आहे. म्हणून राजस्थान-कच्छमध्ये पाण्याशिवाय पुसणारे यंत्रमानव वापरात येत आहेत. कोरड्या घासणीने काचेवरचा परावर्तनरोधक थर कालांतराने किती झिजतो, यावर पॅनेल उत्पादक आणि प्रकल्पचालक यांच्यात एकमत नाही.

गारा, वारा आणि वादळ

उत्पादनातली घट भरून निघते. फुटलेले पॅनेल बदलावेच लागते. २०१९ मध्ये अमेरिकेतील टेक्सासमधल्या मिडवे सौर प्रकल्पावर गारा पडल्या आणि सुमारे चार लाख पॅनेलचे नुकसान झाले. विमा कंपन्यांनी तेव्हापासून गारपिटीकडे वेगळ्या नजरेने पाहायला सुरुवात केली. पॅनेलची प्रमाणित चाचणी २५ मिलिमीटर व्यासाच्या बर्फाच्या गोळ्यांनी होते. विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला यापेक्षा मोठ्या गारा नव्या नाहीत. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट अनेकांना आठवत असेल. अलीकडे दोन्ही बाजूंना पातळ काच असलेली पॅनेल लोकप्रिय झाली आहेत. ती दमटपणा चांगला रोखतात, पण पातळ काच जाड काचेइतकी कडक करता येत नाही. अधिक वीज, कमी वजन आणि गारांपुढची ताकद या तिन्हींचा मेळ कसा घालायचा, हे अजून ठरायचे आहे. सूर्यामागे फिरणाऱ्या मांडणीला एक सोय आहे : इशारा मिळताच पॅनेल तीव्र उतारावर वळवली की गारांचा मार सौम्य होतो. त्यासाठी वेळेवर आणि त्या गावापुरता नेमका इशारा मिळायला हवा.

वाऱ्याचा धडा तरंगत्या प्रकल्पांनी दिला. एप्रिल २०२४ मध्ये मध्य प्रदेशात नर्मदेवरच्या ओंकारेश्वर जलाशयातील तरंगत्या सौर प्रकल्पाचे वादळी वाऱ्याने नुकसान झाले. पाण्यावर पॅनेल थंड राहतात, जमीन वाचते, बाष्पीभवन कमी होते, हे लाभ खरे आहेत. नांगरणी आणि जोडण्या किती मजबूत हव्यात, हे मात्र अनुभवातूनच शिकले जात आहे. चक्रीवादळांबाबतही रचनेचा फरक निर्णायक ठरतो. २०१७च्या ‘मारिया’ वादळात पोर्तो रिको बेटावरचा एक मोठा प्रकल्प उद्ध्वस्त झाला आणि दुसरा बऱ्याच अंशी टिकला. आपल्याकडे जून २०२३ मध्ये ‘बिपरजॉय’ कच्छच्या जखाऊजवळ किनाऱ्यावर आदळले. देशाची एवढी मोठी सौरक्षमता त्याच जिल्ह्यात एकवटत असताना ही नोंद नियोजनात धरावीच लागेल.

बदलते हवामान : अंदाज आणि मतभेद

पृथ्वीवर पोहोचणारे ऊन दशकानुदशके एकसारखे नसते, हे १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून लक्षात येऊ लागले. विसाव्या शतकाच्या मध्यापासून अनेक ठिकाणी ते घटत गेले होते. नंतर युरोप-अमेरिकेत हवा स्वच्छ होत गेली तसे ते पुन्हा वाढले. भारतात ही उलटी वाट दिसली नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील बी. पद्मा कुमारी आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवले की १९८१ ते २००४ या काळात देशातले सौर प्रारण दर चौरस मीटरला दरवर्षी सरासरी ०.८६ वॅटने घटले. सूर्यप्रकाशाच्या तासांवरचे अलीकडचे अभ्यासही घटच दाखवतात.

पुढे काय, यावर दोन प्रकारची मांडणी आहे. पहिली म्हणते की घट चालू राहील. पुण्याच्याच संस्थेतून २०२२ मध्ये आलेल्या अभ्यासाने हवामान प्रारूपांच्या आधारे, पुढील ५० वर्षांत भारताच्या बहुतांश भागात सौर प्रारण कमी होण्याची शक्यता वर्तवली. वाढते बाष्प, ढग आणि तापमान हे सारे त्याच दिशेने ढकलतात. दुसरी मांडणी म्हणते की हा आकडा मुख्यतः प्रदूषण किती राहील या गृहीतकावर ठरतो. चीनप्रमाणे भारतानेही हवा स्वच्छ केली तर उष्णतेमुळे होणारी घट भरून निघून वर लाभ उरू शकतो. युरोपात हा वाद आधी झाला आहे : तिथे जागतिक प्रारूपे ऊन वाढेल म्हणतात आणि अनेक प्रादेशिक प्रारूपे घटेल म्हणतात, त्यामागे धूलिकणांतील बदल प्रारूपात धरला की नाही, हा एक मोठा फरक आहे.

दुसऱ्या मांडणीला एक कडू पुस्ती जोडावी लागते. धूलिकण ऊन अडवतात तसेच तापमानवाढीचा काही भाग झाकूनही ठेवतात. हवा निवळली की पॅनेलला ऊन जास्त मिळेल, आणि उष्णताही. या दोन परिणामांची निव्वळ बेरीज प्रदेशाप्रदेशात वेगळी येईल.

दोन्ही गट ज्यावर सहमत आहेत ते असे : वार्षिक सरासरीतला बदल बहुतेक ठिकाणी काही टक्क्यांच्या आत राहील, आणि तेवढ्याने सौरवीज तोट्याची ठरत नाही.

एकवटावे की विखरावे?

हवामानाचा मुद्दा इथे धोरणाला भिडतो. महाकाय उद्यानांच्या बाजूने स्वस्त जमीन, उत्तम ऊन आणि कमी खर्च हे युक्तिवाद आहेत. मध्य प्रदेशातील रीवाच्या ७५० मेगावॅट प्रकल्पाने २०१७ मध्ये पहिल्या वर्षासाठी युनिटमागे २ रुपये ९७ पैशांचा दर दिला तो अशाच मोठ्या आकाराच्या बळावर. विखुरलेल्या प्रकल्पांच्या बाजूने जोखमीची वाटणी हा युक्तिवाद आहे : एक धुळीचे वादळ किंवा एक गारपीट सगळ्यांना गाठत नाही, आणि ढगांची चढउतार आपोआप सौम्य होते. महाराष्ट्राने २०१७ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्रांजवळ लहान प्रकल्पांचा मार्ग धरला आहे. या प्रकल्पांचे ऊन राजस्थानइतके प्रखर नाही, पण वीज जिथे लागते तिथेच बनते आणि शेतकऱ्याला दिवसा मिळते. मात्र लहान प्रकल्पांत देखभाल आणि साफसफाई मोठ्यांइतकी नियमित राहील का, ही शंका वर उल्लेखलेल्या पाहण्यांवरून रास्त ठरते.

एक उलटा प्रश्नही पुढे येतो आहे : प्रकल्पच स्थानिक हवामान बदलतात का? ॲरिझोनातील २०१६च्या एका अभ्यासात सौर प्रकल्पावरची रात्रीची हवा भोवतालच्या वाळवंटापेक्षा ३ ते ४ अंशांनी उबदार आढळली. हा परिणाम प्रकल्पाच्या हद्दीबाहेर किती दूर जातो आणि पॅनेलखाली गवत किंवा पीक असेल तर किती कमी होतो, यावर भारतीय परिस्थितीत काम व्हायचे आहे.

काय ठरले, काय उरले

उष्णतेने, ढगांनी आणि धुळीने वीज कशी घटते याची यंत्रणा आता पुरेशी समजली आहे. उरले आहेत ते चार प्रश्न : पुढच्या दशकांत भारताची हवा किती स्वच्छ होईल, मळभ आणि पडलेला वारा एकत्र येण्याचे प्रसंग किती वाढतील, गारा-वादळांसाठी ताकदीचे निकष कोणत्या हवामानाला धरून ठरवायचे, आणि अंदाज चुकल्याचा भार उत्पादक, वितरण कंपनी आणि ग्राहक यांच्यात कसा वाटायचा. पहिले दोन मुख्यतः विज्ञानाचे आहेत, शेवटचे दोन धोरणाचे.

या चर्चेतून निघणारा निष्कर्ष असा, की भारताला एकूण ऊन कमी पडणार नाही. कस लागेल तो ते कोणत्या तासाला मिळते, कोणत्या हवेतून येते आणि यंत्रणा किती तग धरते यांवर. त्यातला हवेचा भाग बराचसा आपल्या हातात आहे, आणि हवा स्वच्छ करण्याचा लाभ विजेआधी फुप्फुसांना मिळेल. बाकीच्यासाठी पहिली गरज मोजणीची आहे. प्रत्येक मोठ्या प्रकल्पात प्रारण, तापमान आणि वारा मोजणारी यंत्रे आज आहेतच, पण त्यांच्या नोंदी बहुधा कंपन्यांच्या संगणकांतच राहतात. सार्वजनिक जमिनीवर आणि सार्वजनिक वीजखरेदीच्या भरवशावर उभ्या असलेल्या प्रकल्पांनी या नोंदी संशोधकांना खुल्या कराव्यात, अशी अट पुढच्या निविदांमध्ये घालणे नियामकांना आजही शक्य आहे. ती घालावी.